डी नदीवरील पूल, १८४७: धावती गाडी तुळईला किती वाकवते?

२४ मे १८४७ च्या संध्याकाळी इंग्लंडमधील चेस्टर स्थानकातून रुआबॉनकडे जाणारी एक छोटी गाडी निघाली. इंजिन, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) आणि मोजके डबे एवढाच तिचा पसारा होता. स्थानक सोडले की थोड्याच अंतरावर डी नदी लागते. तिच्यावर तीन गाळ्यांचा, बिडाच्या तुळयांचा पूल होता आणि तो वापरात येऊन वर्षही झाले नव्हते. इंजिन शेवटच्या गाळ्यावर आले तेव्हा खालचा मार्ग खचतो आहे असे चालकाला जाणवले. अशा वेळी कोणाचाही हात आधी ब्रेककडे गेला असता. या चालकाने वाफेची झडप उघडून इंजिनाला जोर दिला. इंजिन जेमतेम पलीकडच्या भक्कम बांधावर चढले आणि मागचे डबे मोडलेल्या तुळईबरोबर नदीत गेले. तीन प्रवासी, गाडीचा गार्ड आणि इंजिनावरचा आगवाला असे पाच जण मृत्युमुखी पडले आणि नऊ जण गंभीर जखमी झाले.

रेल्वेच्या इतिहासात याहून कितीतरी मोठे अपघात झाले आहेत. तरीही पुलांच्या कंपनाचा अभ्यास करणाऱ्याला या प्रकरणापाशी थांबावे लागते. पुलावर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा पुलावरून धावणारी गाडी पुलाला जास्त वाकवते का, आणि वाकवत असेल तर किती, हा प्रश्न सरकारी पातळीवर पहिल्यांदा गांभीर्याने विचारला गेला तो या अपघातानंतर. त्या प्रश्नातून प्रयोग झाले, प्रयोगांतून गणित आले आणि त्या गणिताचे धागे आजच्या पूलबांधणीच्या नियमांपर्यंत पोहोचतात. या साऱ्याला ज्या पुलाने चालना दिली तो पूल मात्र बहुधा वेगाच्या परिणामाने पडलाच नव्हता, आणि पुढच्या विवेचनाचा रोख मुख्यतः या विसंगतीवर आहे.

तुळईची घडण

पुलाचा आराखडा रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांचा होता. चेस्टर ते होलीहेड या मार्गावरचा हा पूल नदीला तिरका जात होता आणि त्याचा प्रत्येक गाळा ९८ फुटांचा, म्हणजे जवळजवळ ३० मीटरचा होता. प्रत्येक रुळमार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेक तुळई होती. एवढी लांब तुळई एका ओतकामात निघणे अवघड असल्यामुळे तीन ओतीव तुकडे टोकाला टोक लावून बोल्टांनी जोडलेले होते, आणि तुळईची खोली होती ३ फूट ९ इंच. लांबीच्या मानाने हा आकडा लहान आहे. खोलीच्या सव्वीसपट लांबी म्हणजे तुळई सडसडीतच म्हणायची.

बीड दाबाखाली दणकट असते, ताणाखाली दुबळे. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच भरते. तुळई वाकली की तिची खालची कड ताणली जाते, म्हणून बिडाच्या तुळईची खालची पट्टी वरच्या पट्टीपेक्षा बरीच रुंद ठेवण्याचा प्रघात होता आणि येथेही तो पाळलेला होता. त्याशिवाय स्टीफन्सन यांनी घडीव लोखंडाचे लांब पट्टे तुळईच्या दोन्ही टोकांना वर अडकवून, मध्यभागाकडे खाली उतरवून, झोळीसारखे बसवले होते. हे पट्टे तुळईचा काही भार उचलतील अशी अपेक्षा होती. अडचण अशी की पट्ट्यांची टोके नदीकाठच्या दगडी बांधकामात रोवलेली नसून त्याच तुळईवर टांगलेली होती. तुळई झोळली की तिची टोके आत झुकत आणि पट्ट्यांनी ज्या क्षणी ताण घ्यायचा त्याच क्षणी त्यांचा आधार सरकत असे. ज्या फांदीला सावरायचे तिलाच दोरीची दोन्ही टोके बांधण्यासारखा हा प्रकार होता.

आणखी एक बाब चौकशीत तुलनेने कमी चर्चिली गेली, परंतु माझ्या मते ती महत्त्वाची आहे. रुळांखालचे आडवे ओक लाकडाचे वासे तुळईच्या खालच्या पट्टीवर, आतल्या बाजूला टेकलेले होते. म्हणजे गाडीचे वजन तुळईच्या मध्यरेषेवर न येता एका कडेवर येत होते, आणि प्रत्येक गाडीबरोबर तुळई खाली वाकतानाच थोडी पीळही खात होती.

मे १८४७ च्या तिसऱ्या आठवड्यात भलतीकडेच एक घटना घडली. २० मे रोजी लंडनजवळच्या हॅनवेल येथील अक्सब्रिज रोडवरचा, ब्रुनेल यांनी बांधलेला रेल्वेपूल आगीत सापडला. इंजिनातून पडणाऱ्या निखाऱ्यांनी आपल्याही पुलाचा लाकडी तळ पेटू नये म्हणून स्टीफन्सन यांनी डी नदीवरच्या पुलावर सुमारे ५ इंच जाडीचा खडीचा थर टाकवला. एका रुळमार्गाची रुंदी आणि खडीचे वजन धरून हिशेब केला तर एका गाळ्यावर पंधरा ते वीस टनांची भर पडते. ती दोन तुळयांवर विभागली गेली तरी आधीच सडसडीत असलेल्या तुळईला हे कायमचे ओझे झाले. खडी पसरण्याचे काम झाले आणि त्याच संध्याकाळी गाडी पडली.

साक्षी आणि चाचणी

मृत्यूच्या कारणांची चौकशी चेस्टरमध्ये ज्युरीपुढे झाली. स्टीफन्सन यांचे म्हणणे असे होते की गाडी आधी रुळांवरून घसरली, तिचा तुळईला बाजूने धक्का बसला आणि त्या धक्क्याने तुळई मोडली. जोसेफ लॉक आणि चार्ल्स विग्नोल्स यांच्यासारखे नामांकित अभियंते त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी मात्र वेगळे सांगत होत्या: गाडी रुळांवर असतानाच तुळई मध्यभागी उघडली.

रेल्वे निरीक्षणालयाच्या वतीने रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन सिमन्स यांनी तपास केला. मोडलेली तुळई दोन ठिकाणी भंगली असून पहिला भंग मधला आहे, असे त्यांना आढळले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या तुळयांवरून त्यांनी इंजिन चालवून पाहिले, तेव्हा त्या कित्येक इंच झोळल्या. एखादा पूल गाडीखाली काही मिलिमीटर झुकतो हे स्वाभाविक आहे, परंतु उघड्या डोळ्यांना दिसेल इतका, इंचांत मोजावा लागेल इतका झोळ ३० मीटरच्या रेल्वेपुलावर दिसणे ही आजच्या कोणत्याही अभियंत्याची झोप उडवणारी गोष्ट आहे. घडीव लोखंडाचे पट्टे तुळईला काहीही बळ देत नाहीत असा सिमन्स यांचा निष्कर्ष होता आणि ज्युरीचेही मत तसेच पडले. तुळई बाजूच्या धक्क्याने मोडली नसून तिच्यात पुरेशी ताकदच नव्हती, असे नोंदवून ज्युरीने अशा पुलांची सरकारने सखोल चौकशी करावी अशी मागणी केली. ही मागणी रास्त होती, कारण याच धर्तीचे अनेक पूल तेव्हा वापरात होते, आणि हा पूल वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला रेल्वे निरीक्षक जनरल पॅस्ली यांनी काही महिन्यांपूर्वीच दिलेला होता.

पोर्ट्समथचा उतार

त्याच वर्षी लॉर्ड रॉट्स्ली यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला गेला. रेल्वेच्या बांधकामांत लोखंडाचा वापर कसा व्हावा हा त्याचा विषय होता. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस, बिडाच्या तुळयांवर आधीपासून काम केलेले ईटन हॉजकिन्सन आणि कॅप्टन हेन्री जेम्स हे त्याचे सदस्य, तर लेफ्टनंट डग्लस गाल्टन सचिव होते.

वेगाच्या परिणामाबद्दल तेव्हाच्या अभियंत्यांत एकमत नव्हते. जलद गाडीखाली पूल उलट कमीच वाकतो असे मानणारेही काही होते, कारण तुळईला खाली जायला वेळच मिळत नाही. निखाऱ्यांवरून झपझप चालणाऱ्याचे पाय भाजत नाहीत, तसा हा तर्क आहे आणि वरवर पाहता तो पटतोही. वेगामुळे वाक वाढतो असे म्हणणाऱ्यांपाशीही अनुभवापलीकडे काही पुरावा नव्हता.

म्हणून पोर्ट्समथच्या गोदीत एक उतार उभारला गेला. त्यावरून वजन भरलेला छोटा गाडा सोडायचा; खाली येईपर्यंत त्याला वेग येई आणि मग तो ९ फूट लांबीच्या दोन बिडाच्या पट्ट्यांवरून आडवा धावत जाई. जितक्या उंचीवरून सोडावा तितका वेग जास्त. ४ इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा पट्ट्यांच्या जोडीवर १,१२० पौंडांचा गाडा नुसता उभा केला तर मधला वाक ०.६ इंच येई. तोच गाडा ताशी १० मैल वेगाने गेला की वाक ०.८ इंच होई, आणि ताशी ३० मैलांना तो दीड इंचावर पोहोचला. म्हणजे वजन तेच, पट्ट्या त्याच, आणि वाक अडीचपट. निखाऱ्यांचा तर्क या एका मांडणीने निकालात निघाला.

असे का व्हावे, याचे भौतिक कारण समजण्यासारखे आहे. पट्टी वाकली की गाड्याचा मार्ग सरळ राहत नाही, तो खोलगट होतो. खोलगट मार्गावरून वेगाने जाणाऱ्या वस्तूला वर वळवण्यासाठी मार्गाने तिला वजनापेक्षा जास्त जोराने वर ढकलावे लागते, आणि तेवढाच जोर ती वस्तू मार्गावर खाली लावते. घाटात उताराच्या तळाशी, पुन्हा चढ लागण्याच्या ठिकाणी एसटी वेगाने गेली की बाकावर बसलेल्याला आपण जड झाल्यासारखे वाटते. गाड्याच्या बाबतीत हेच घडते, फक्त खड्डा रस्त्यात आधीपासून नसतो, गाडा स्वतःच तो तयार करत पुढे जातो.

विलिस यांनी याचे समीकरण मांडले आणि ते सोडवण्याचे काम जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांच्याकडे गेले. १८४९ मध्ये केंब्रिजच्या तत्त्वज्ञान संस्थेपुढे त्यांनी मांडलेला निबंध धावत्या भाराखालच्या तुळईचे पहिले गंभीर गणित मानले जाते. गणित आवाक्यात यावे म्हणून एक गोष्ट गृहीत धरली होती: पट्टीला स्वतःचे वस्तुमान जवळजवळ नाही, सारे वस्तुमान गाड्याचे आहे. पोर्ट्समथच्या मांडणीला हे बऱ्यापैकी लागू होते. त्या दोन पट्ट्यांचे घनफळ काढून बिडाच्या घनतेने गुणले तर त्यांचे वजन ३४० पौंडांच्या आसपास येते, म्हणजे गाड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

स्टोक्स यांच्या उत्तराचा गाभा एका गुणोत्तरात आहे. वेगाचा वर्ग घ्यावा, त्याला स्थिर भाराखालच्या वाकाने आणि १६ ने गुणावे, आणि गुरुत्वत्वरण गुणिले लांबीचा वर्ग यांनी भागावे. हा आकडा लहान असेल तर वेगामुळे वाकात होणारी वाढ साधारण तेवढीच असते. पोर्ट्समथच्या ९ फुटी पट्टीला ताशी ३० मैलांसाठी तो सुमारे ०.६ येतो. तो लहान नाही, त्यामुळे येथे सोपे सूत्र पुरत नाही आणि खरी वाढ त्याहूनही मोठी निघते. आता डी नदीच्या तुळईकडे वळावे. लांबी ९८ फूट, वेग समजा तेवढाच, आणि वाक उदारपणे ३ इंच धरला, तरी उत्तर येते ०.०२५. म्हणजे जेमतेम अडीच टक्के. खालचा लांबीचा वर्ग सगळा खेळ पालटून टाकतो. आखूड आणि लवचीक पट्टीवर धावत्या भाराने बनणारा खड्डा अरुंद आणि खोल असतो, लांब तुळईवर तो पसरट असतो आणि त्याच वेगाने त्यातून जाणाऱ्या चाकाला वर वळायला भरपूर अंतर मिळते.

एका पेन्सिलीची नोंद

आयोगाने उतारावरच न थांबता खरे पूल गाठले, ही त्याची मोठी जमेची बाजू होती. युएल आणि गॉडस्टोन येथील दोन रेल्वेपुलांवर मोजमाप झाले. पुलाखालच्या रस्त्यावर एक पराची उभारली, जी पुलाला कोठेही चिकटलेली नव्हती, म्हणून पूल हलला तरी ती हलत नव्हती. तिच्यावर चित्रकलेचा फळा उभा ठोकला. तुळईच्या खालच्या बाजूला पेन्सिल बसवली. वरून इंजिन गेले की तुळई खाली येई आणि पेन्सिल फळ्यावर स्वतःच आपली रेघ ओढी. कोणतेही विजेचे उपकरण नसताना पुलाच्या हालचालीची स्वाक्षरी घेण्याची ही पद्धत इतकी साधी आहे की तिच्यापुढे मान लवते.

युएलचा गाळा ४८ फुटांचा होता. ३९ टनांचे इंजिन आणि टेंडर त्यावर उभे केले असता वाक एक पंचमांश इंचाहून किंचित जास्त आला, आणि ताशी सुमारे ५० मैल वेगाने तेच इंजिन गेले तेव्हा तो एक सप्तमांशाने, म्हणजे १४ टक्क्यांनी वाढला. पोर्ट्समथच्या अडीचपटीपुढे ही वाढ किरकोळ दिसते, त्यामुळे आयोगाला हायसे वाटले असणार. परंतु स्टोक्स यांचे सूत्र याच पुलाला लावून पाहिले तर वाढ दोन टक्क्यांच्या आसपासच यायला हवी. उरलेले बारा टक्के कोठून आले?

या बारा टक्क्यांतच पुलांच्या कंपनाचा खरा विषय दडलेला आहे. पट्टीला वजन नाही असे धरले होते. खऱ्या पुलाला ते भरपूर असते. वस्तुमान आणि ताठरपणा दोन्ही असलेली कोणतीही वस्तू ढकलून सोडली की स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्येने खालीवर होते. गाडी गाळ्यावर चढते ते ढकलणेच आहे. गाळा ओलांडायला गाडीला लागणारा वेळ आणि पुलाच्या एका कंपनाला लागणारा वेळ यांचे प्रमाण काय, यावर पूल शांतपणे खाली जाऊन वर येतो की थरथरत राहतो हे ठरते. त्यात रुळांच्या सांध्यांवरचे ठोके आले. आणि वाफेच्या इंजिनाची एक खास खोड होती: मागेपुढे धावणाऱ्या दट्ट्यांचा तोल साधण्यासाठी चाकांवर लावलेली वजने चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रुळावर एक ठोसा मारत. चाकाचे दर सेकंदाचे फेरे आणि पुलाची कंपनसंख्या जुळली की लहान ठोसेही एकावर एक साठत जातात. झोपाळ्यावरच्या मुलाला प्रत्येक झोक्याला नेमक्या वेळी हलकासा रेटा दिला की झोका उंच जातो, त्याचेच हे लोखंडी रूप आहे. हा धागा नीट सुटायला मात्र पुढची पाऊणशे वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस क्रिलोव्ह आणि टिमोशेन्को यांनी पुलाचे वस्तुमान हिशेबात घेतले, आणि १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये आल्फ्रेड युइंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेकडो मोजमापे घेऊन इंजिनाच्या ठोशांचा छडा लावला. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी त्यांचे गणित बसवले.

मग पूल पडला कशाने?

डी नदीवर अडीच टक्के वेगाचे, आणि युएलच्या अनुभवावरून आणखी दहा-पंधरा टक्के कंपनाचे धरले, तरी तेवढ्याने नव्या पुलाची तुळई मोडू नये. ती मोडण्याच्या बेताला इतर कारणांनी आणून ठेवलेली असली पाहिजे. खडीचे ओझे हे त्यातले उघड कारण आहे. दुसरे कारण आयोगाच्या एका वेगळ्याच प्रयोगमालेत सापडते, जिचा वेगाशी संबंध नव्हता.

हॉजकिन्सन यांनी बिडाच्या पट्ट्यांवर पुन्हापुन्हा आघात करून पाहिले. मोडण्यापूर्वी पट्टी जितकी वाकू शकते त्याच्या एक तृतीयांश वाक प्रत्येक वेळी दिला तर निर्दोष पट्ट्यांनी ४,००० आघात सोसले. निम्मा वाक दिला तर एकही पट्टी ४,००० पर्यंत टिकली नाही. जेम्स आणि गाल्टन यांनी चक्राच्या साहाय्याने पट्ट्या सावकाश पुन्हापुन्हा दाबल्या, आणि तेथेही निम्म्या वाकाला पट्ट्या हजाराच्या आतच मोडल्या, तर एक तृतीयांशाला एका पट्टीने लाखभर वेळा वाकूनही दाद दिली नाही. धातू एकदा सोसतो म्हणून हजारदा सोसेलच असे नाही, हे येथे आकड्यांत दिसले. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत व्होलर यांनी केला तो यानंतर. आयोगाने सुचवलेला नियम यातूनच आला: रेल्वेच्या बिडाच्या तुळईवर येणारा सर्वांत मोठा भार तिला मोडणाऱ्या स्थिर भाराच्या एक षष्ठांशाहून जास्त नसावा.

आता एक अंदाज करून पाहू. तो अंदाजच आहे, पण कोणत्या पातळीचा आकडा येतो ते त्यातून कळते. पुलावरून रोज वीस गाड्या गेल्या असे समजले, तर दोनशे दिवसांत प्रत्येक तुळई ढोबळमानाने दोन ते चार हजार वेळा वाकली आणि सरळ झाली. दर वेळी झोळ कित्येक इंचांचा. हॉजकिन्सन यांच्या पट्ट्या ज्या टप्प्यावर मोडत होत्या त्याच्या आसपासचा हा आकडा आहे. पीटर लुईस आणि कॉलिन गॅग यांनी २००४ मध्ये या अपघाताची नव्याने चिकित्सा करताना थकव्याचीच बाजू मांडली आणि त्यात एक लक्षणीय गोष्ट दाखवली: खालची पट्टी आणि तिला वरच्या पट्टीशी जोडणारा उभा पडदा जेथे मिळतात तेथे शोभेसाठी एक नक्षीदार खाचणी ओतलेली होती आणि तिच्या तीक्ष्ण कोपऱ्याशी ताण एकवटत असणार. म्हणजे तडा बहुधा शोभेच्या कोपऱ्यातून निघाला. तुळई पीळ खाऊन बाजूला कलंडली आणि मग मोडली, असाही एक पक्ष आहे, आणि लाकडी वासे कडेवर टेकलेले होते हे पाहता तो झटकून टाकता येत नाही. मला थकव्याचा पक्ष अधिक पटतो, कारण पहिल्याच दिवशी मोडण्याइतकी कमकुवत नसलेली तुळई काही महिन्यांनी का मोडावी, याचे उत्तर तोच देतो. खडीने शेवटचा भार टाकला इतकेच.

यानंतर स्टीफन्सन यांनी लांब गाळ्यांसाठी बीड सोडले आणि याच मार्गावर मेनाई सामुद्रधुनीवर घडीव लोखंडाच्या प्रचंड पोकळ नळ्यांचा ब्रिटानिया पूल बांधला, जो १८५० मध्ये खुला झाला. आपल्याकडच्या वाचकासाठी एक नोंद करण्याजोगी गोष्ट अशी की हेच स्टीफन्सन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सल्लागार अभियंता होते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या मार्गावरून बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली त्याचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले होते. आखूड गाळ्यांवर मात्र बीड ब्रिटनमध्ये पुढेही दशकानुदशके टिकून राहिले. १ मे १८९१ रोजी लंडनच्या नॉर्वूड जंक्शनजवळ सुमारे तीस वर्षे सेवेत असलेली अशीच एक तुळई गाडीखाली मोडली, तिच्या पोटात ओतकामाचा दोष दडलेला निघाला, आणि त्यानंतर कुठे रुळांखालचे बिडाचे पूल मोठ्या प्रमाणावर बदलले गेले.

आजचे आकडे

भारतीय रेल्वेच्या पूलनियमांत ब्रॉडगेजच्या पोलादी पुलासाठी धावत्या भाराची वाढ अशी काढतात: लांबी मीटरमध्ये घेऊन तीत ६ मिळवायचे, ८ ला त्या बेरजेने भागायचे आणि भागाकारात ०.१५ मिळवायचे. उत्तर १ च्या वर गेले तरी १ च धरायचे, म्हणजे भार जास्तीत जास्त दुप्पट. पोर्ट्समथच्या ९ फुटी पट्टीची लांबी, २.७४ मीटर, यात घातली तर उत्तर १ च्या किंचित वर जाते आणि मर्यादेमुळे १ वर थांबते. डी नदीचा ३० मीटरचा गाळा घातला तर ०.३७ येते. हे सूत्र स्टोक्स यांच्या समीकरणातून निघालेले नाही, त्यात ठोसे, सांधे, चाकांचे दोष असे बरेच काही एकत्र गुंडाळलेले आहे. तरीही आखूड गाळ्याला दुपटीची भीती आणि लांब गाळ्याला तिसऱ्या हिश्शाच्या आसपासची, हा कल तोच आहे.

वाफेचे इंजिन गेले तसे त्याचे ठोसेही गेले, पण ठेका राहिला. एकाच लांबीचे डबे एकामागून एक येतात, दोन डब्यांच्या प्रत्येक सांध्यापाशी बोगींची, म्हणजे डब्यांखालच्या चाकांच्या संचांची, जोडी असते आणि पुलाला डब्याच्या लांबीच्या अंतराने रेटा मिळत राहतो. ताशी ११० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचे सुमारे २४ मीटरचे एलएचबी (आधुनिक पोलादी) डबे पुलाला सेकंदाला साधारण १.३ रेटे देतात, आणि मध्यम लांबीच्या पुलांची स्वाभाविक कंपनसंख्या सहसा याच्या बरीच वर असते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद मार्गावर ताशी ३२० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर वेगाने, २५ मीटरचे डबे जातील तेव्हा हा ठेका सेकंदाला ३.६ होईल, आणि हा आकडा उन्नत मार्गाच्या तुळईच्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या जवळपास घुटमळू शकतो. म्हणून अशा मार्गांवर तुळईचे बळ पुरेसे आहे एवढे तपासून भागत नाही, तिचा ताठरपणा आणि वस्तुमान या ठेक्यापासून दूर राहील असे ठरवावे लागते.

रस्त्यावरच्या पुलांची गोष्ट वेगळी आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमांत प्रबलित काँक्रीटच्या पुलासाठी, नेहमीच्या वाहनभाराला, ४.५ ला लांबी अधिक ६ ने भागतात. ३० मीटरला उत्तर साडेबारा टक्के येते, रेल्वेच्या तिसऱ्या हिश्शाइतके. ट्रकला रबरी टायर आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, त्याचे वजन पुलाच्या मानाने कमी असते आणि दोन ट्रक सहसा एका ठेक्यात चालत नाहीत. ट्रकचा सांगाडा मात्र आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला दोन-तीन वेळा उसळतो, आणि बऱ्याच पुलांची कंपनसंख्या याच्या आसपास असते. गाळ्याच्या तोंडाशी प्रसरण सांधा उखडलेला असेल, तर प्रत्येक भरलेला ट्रक त्यात आदळून, उसळत्या अवस्थेतच पुलावर प्रवेश करतो. पुलाच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले तर आधी सांध्याचा धप्प आवाज येतो आणि मग तळहाताला थरथर जाणवते; ट्रक गाळा ओलांडून गेल्यानंतरही ती काही क्षण चालू असते. लांबी अधिक ६ या हिशेबात त्या सांध्याची खोली कोठेही येत नाही.